एप्रिलपर्यंतचा हिवाळा

सिंगापुरातल्या सेंगकांगच्या आमच्या मराठी मंडळींत तेव्हा एक बॅग फिरायची. मोठी, निळी, एक चाक मोडलेली. तिच्यात जाड कोट, लोकरीच्या टोप्या, हातमोजे आणि तीन-चार जोड बूट असत. कोणाला बर्फाच्या देशात जायचं असलं की तो ती बॅग घेऊन जाई, आल्यावर कपडे धुऊन-वाळवून पुन्हा भरी, आणि पुढचा कोणी मागेपर्यंत ती त्याच्या घरच्या बॉम्ब शेल्टरमध्ये पडून राही. बॉम्ब शेल्टर म्हणजे फार काही नाही. तिथल्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक कोंदट खोली असते, युद्ध झालं तर लपायला. युद्ध काही होत नाही, मग लोक तिच्यात तांदळाची पोती, जुने पंखे आणि बॅगा कोंबतात. बॅग मूळची कोणाची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण वर्षाकाठी आठवडाभर लागणाऱ्या कोटांसाठी आपलं कपाट कोण अडवणार, म्हणून तो रिवाज चालू होता आणि सगळ्यांना त्याचं कौतुकही होतं.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. डिसेंबरात शाळांना सुट्टी लागली की आमच्यात मुलांना बर्फ दाखवायची साथ यायची. एक घर कोरियाला गेलं की दुसरं जपानला. आमची लेक आठ वर्षांची, जन्म तिथलाच. फ्रीजरच्या कडेला जमलेला चुरा नखानं खरवडून खायची आणि मैत्रिणींना सांगायची की आमच्याकडे स्नो आहे. मी म्हटलं, बघा, झालं की काम, कशाला हवी ती विकतची थंडी? पुण्याच्या थंडीत मी दोन स्वेटर घालणारी बाई, मला बर्फाचं कसलं कौतुक! पण माझं कोण ऐकतंय? नवरा वन-नॉर्थ भागातल्या एका प्रयोगशाळेत संशोधक, एकदा डोक्यात घेतलं की संपलं. आणि या वेळी त्याला वकील मिळाली होती ती त्याच्या आईच्या रूपानं.

सासूबाई वर्धेकडच्या. प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या आणि त्या वर्षी आमच्याकडे राहायला आलेल्या. बोलणं तिकडचं, रोखठोक. मी पुण्याची असल्यामुळे त्यांना वाटायचं, मी तोंडातल्या तोंडात बोलते. मला वाटायचं, त्या तिसऱ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलतात. पण एका बाबतीत मी त्यांना मनापासून मानत होते. त्यांच्या हाताला गुण होता. कोणाचा पाय मुरगळो, मान धरो, बाळ रात्रभर रडो, सासूबाई तेलाची वाटी घेऊन बसत आणि माणूस उठे तो हसत उठे. त्यांच्या गावी बाळंतिणी आठ-आठ मैलांवरून यायच्या म्हणे. माझा नवरा सातव्या महिन्यातला. ऐन थंडीत जन्मला, वेताएवढा. दवाखान्यातल्यांनी आशा सोडली होती. सासूबाईंनी त्याला शेगडीजवळ मांडीवर घेऊन महिनाभर शेकलं, चोळलं, आणि जगवलं. ही गोष्ट त्या प्रत्येकाला सांगायच्या. मला ती पाठ झाली होती, तरी दर वेळी ऐकताना बरं वाटायचं.

तर त्या म्हणाल्या, "चला नं. मलेही पाहू द्या बर्फ. मेल्यावर कोण दाखवते?" आणि झालं ठरलं.

बॅग घरी आली. सासूबाईंनी कोट घालून आरशात बघितलं आणि स्वतःलाच अस्वल म्हणाल्या. नवऱ्याचे पाय मोठे, त्यामुळे त्याला बॅगेतला एकच जोड बसला. काळे, दणकट, घोट्याच्या वर जाणारे बूट. दिसायला अगदी नवे. त्यानं ते घालून हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्या, पाय आपटून बघितले. बुटांना काही झालं नाही. दमट हवेत वर्षानुवर्षं बंद राहिले की अशा बुटांचे तळ आतल्या आत सडतात, वरून कळत नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं. पुढे पाया लेबार भागातल्या माझ्या ऑफिसात एकानं आपल्या बुटाचा तळ असाच एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, जिन्यात निसटल्याचं सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. मी तेवढी उठून बाहेर गेले.

आम्ही गेलो ते चीनच्या पार ईशान्य टोकाला. शहरात दोन दिवस मजेत गेले. लेक बर्फात लोळली, सासूबाईंनी बर्फाचा गोळा करून मुलाच्या पाठीत मारला. तिसऱ्या दिवशी एक व्हॅन ठरवून डोंगरातलं गाव बघायला निघालो. ड्रायव्हरला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला त्याची भाषा येत नव्हती, खाणाखुणांवर चाललं होतं. परत फिरलो तेव्हा आभाळ पांढरं झालं होतं. करडं नाही, काळं नाही, पांढरं. ड्रायव्हर गाणं ऐकत होता, त्यानं ते बंद केलं.

बर्फ वरून पडतो अशी माझी समजूत होती. हा आडवा येत होता. कोरडा, रव्यासारखा बारीक, आणि गाडीच्या काचेवर सतत कुणी मूठमूठ फेकून मारतंय असा आवाज. रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं ते दिसेना. मग गाडी हळूच, अगदी सावकाश, बाजूला सरकली आणि खड्ड्यात कलंडून थांबली. कोणाला लागलं नाही. इंजिन थोडा वेळ धुगधुगलं आणि बंद पडलं. हीटर बंद झाला आणि बघता बघता आमच्या श्वासांचा थर काचांवर आतून गोठला. लेक म्हणाली, "बाबा, सो कोल्ड लाह." मग काही बोललीच नाही. त्या गप्प होण्याची मला जास्त भीती वाटली.

ड्रायव्हरनं फोन कानाला लावला, हलवला, खिशात टाकला. मग त्यानं बोटानं पुढे दाखवलं, दोन हातांचं छप्पर करून दाखवलं. म्हणजे घर आहे. गाडीत बसलो तर मरू, एवढं त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. नवऱ्यानं लेकीला पाठुंगळी घेतलं आणि वरून आपला कोट तिच्यासकट गुंडाळला. मी सासूबाईंचा हात धरला. त्यांनी साडीच्या आत दोन पँटी घातल्या होत्या, तरी निऱ्या वाऱ्यानं फडफडत होत्या. पुढे ड्रायव्हर, त्याच्या पट्ट्याला बांधलेला आमचा मफलर, मफलरचं टोक नवऱ्याच्या हातात, त्याच्या कोटाला मी, मला सासूबाई.

किती चाललो मला खरंच सांगता येणार नाही. आधी नाक गेलं. म्हणजे असून नसल्यासारखं झालं. पापण्या चिकटायला लागल्या, उघडताना टोचायच्या. चष्म्याची धातूची काडी गालाला चटके द्यायला लागली तेव्हा मी चष्मा काढून खिशात टाकला, तसंही काही दिसत नव्हतंच. पाय मांडीपर्यंत रुतायचा. वारा एवढा की सासूबाई त्रिशरण म्हणत होत्या ते त्यांच्या ओठांवरून कळत होतं, ऐकू येत नव्हतं. मी मनात एकाच माणसाला शिव्या देत होते, आणि तो माझ्यापुढे वाकून माझ्या पोरीला वाहून नेत होता.

त्याच्या उजव्या बुटाचा तळ वाटेत कधीतरी निसटला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा पडला, असं त्यानं नंतर सांगितलं. डाव्याचाही निम्मा गेला. त्यानं खिशातली सुपरमार्केटची प्लास्टिकची पिशवी कशीबशी पायाला बांधली आणि चालत राहिला. ब्र काढला नाही. का नाही बोललास, असं मी पुढे त्याला ओरडून विचारलं, तर म्हणाला, "बोललो असतो तर तू थांबवलं असतंस, आणि हिला खाली ठेवावं लागलं असतं."

घर आलं. एक म्हातारा आणि म्हातारी. त्यांनी आम्हाला एक प्रश्नही न विचारता आत ओढलं. खोलीत विटांचा मोठा ओटा होता, चुलीची धग त्याच्या खालून फिरवलेली, त्यावरच ते झोपायचे. लेकीला म्हातारीनं आपल्या रजईत घेतलं. मी तिच्या हातापायांची बोटं न् बोटं तपासली, सगळी गुलाबी होती. मग मी वळले आणि नवऱ्याचे मोजे निघत नव्हते ते बघितलं.

पाय पांढरे होते. मेणबत्तीसारखे. तो ओट्यावर बसताना उजवा पाय विटेला लागला तर लाकूड आपटल्यासारखा आवाज झाला. तो चक्क हसला. "काही दुखत नाहीये," म्हणाला.

"दुखत नाही म्हणूनच वाईट," सासूबाई म्हणाल्या. "रक्त थांबलं. हो बाजूला, मले बसू दे." त्यांच्या पिशवीत खोबरेल तेलाची बाटली असायचीच. ते गोठून पांढरं दगड झालं होतं. त्यांनी बाटली चुलीपाशी धरली, तेल सुटलं तसं तळहातावर घेतलं, मुलाचे दोन्ही पाय मांडीवर ओढले आणि चोळायला लागल्या. फडकं तापवून शेक द्यायचा, मग चोळायचं, मग टाचा गरम विटांना टेकवून धरायच्या, पुन्हा चोळायचं. कपाळावरून घाम निथळत होता त्यांच्या, त्या थंडीत. तोंडानं तेच चाललं होतं, सातव्या महिन्यातलं पोट्टं होतं माझं, वेताएवढं होतं, असंच आणलं होतं मी माघारी. बऱ्याच वेळानं नवऱ्यानं एकदम किंकाळी फोडली. सासूबाईंचा चेहरा उजळला. "ओरडला!" त्या म्हणाल्या. "ओरडला म्हणजे जिवंत झाला पाय." म्हाताऱ्यानंही टाळी वाजवली. मी लेकीच्या केसांत तोंड खुपसून रडले. आनंदानं रडले, अगदी खरं सांगते.

सकाळी पायांवर द्राक्षाएवढे फोड होते. काही पाण्याचे, काही काळ्या रक्ताचे. वादळ मात्र थांबायचं नाव घेईना. म्हाताऱ्यानं दार आत ओढलं तर बाहेर दाराच्याच आकाराची बर्फाची भिंत उभी. ती खोदून त्यानं वाट केली. संडास अंगणापलीकडे होता आणि तिथवर दोरी बांधलेली होती; दोरी सोडायची नाही, असं तो दर वेळी आपली मूठ आवळून दाखवायचा. खिडकीला आतून प्लास्टिक ठोकलेलं, ते वाऱ्यानं श्वास घेतल्यासारखं आतबाहेर व्हायचं. खायला बटाटे आणि आंबवलेला कोबी. लेक एकदा खिडकीशी गेली, बाहेर बघितलं आणि परत येऊन माझ्या कोटात शिरली. बर्फ हा शब्द तिनं परत काढला नाही. रस्ता मोकळा होऊन ट्रॅक्टर येईपर्यंत आम्ही असेच बसून होतो, आणि त्या सगळ्या वेळात सासूबाईंनी मुलाच्या पायाशी ठाण मांडलं होतं. जरा गार वाटला की शेक, जरा रंग उतरला की तेल.

शहरातल्या दवाखान्यात त्यांनी पाय पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळले आणि घरी जा म्हणाले. चांगी विमानतळाबाहेर काचेचं दार सरकलं आणि ती ओळखीची गरम ओली हवा अंगावर आली तेव्हा मी तिला चक्क हात जोडले. आजूबाजूला सगळी माणसं अर्ध्या चड्डीत, पायात स्लिपर. आणि आमच्यात एक माणूस चाकाच्या खुर्चीवर, पायांना गाठोडी बांधलेली. वाटलं, चला, सुटलो. हिवाळा मागे राहिला. कसला मागे राहतोय!

सिंगापूरच्या हॉस्पिटलातली डॉक्टर तरुण चिनी बाई होती, भराभर बोलणारी. लेकीला घरी ठेवायला सोय नव्हती असं नाही, पण ती बाबाला सोडायला तयार नव्हती, म्हणून तीही खोलीत होती. डॉक्टरनं पट्ट्या सोडल्या, बराच वेळ बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, "गोठलेले असताना कोणी चोळले का? आगीजवळ धरले का?"

"नाही," नवरा म्हणाला. "कोणी हात लावला नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"बरं झालं," डॉक्टर म्हणाली, पण तिची नजर टाचांवरच्या भाजल्याच्या डागांवर होती. "पुष्कळ जण चोळतात. आतलं मांस गोठलेलं असतं, त्यात बर्फाचे कण असतात. चोळलं की ते काचेसारखे आतून चिरत जातात. आणि बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. वाचणारी बोटंही त्यानं जातात." एवढं बोलून ती थांबली. तिला कळलं होतं. आम्हालाही कळलं होतं की तिला कळलं.

टॅक्सीत बसल्यावर नवरा मला म्हणाला, "घरी हा विषय काढायचा नाही. आईला यातलं एक अक्षर कळता कामा नये."

"तू वेडा आहेस का? मी कशाला सांगू?" मी म्हटलं. लेक आमच्या मध्ये बसून खिडकीबाहेर बघत होती.

डॉक्टर लगेच काही कापणार नव्हती. आत्ता कापलं तर कुठून कापायचं हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणाली. शरीर स्वतः रेष आखतं. रेषेच्या अलीकडचं जगतं, पलीकडचं वाळून काळं पडतं. त्याला महिने लागतात, तोवर थांबायचं. उजव्या पायाचा अंगठा राहिला तर तोल राहील, नीट चालता येईल. तो गेला तर अवघड.

मग आम्ही थांबलो. बाहेर घामाच्या धारा, खाली एलआरटीच्या छोट्या रेल्वेगाडीतून माणसं ये-जा करताहेत, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवरून तळणाचा वास येतोय, आणि आमच्या हॉलमध्ये डिसेंबरातला बर्फ ठाण मांडून बसलेला. पंख्याचा झोत पायावर आला तरी नवरा कळवळायचा. एसीचं तर नावच नको. दुपारी उशिरा ऊन आलं की त्याची खुर्ची खिडकीशी सरकवायची आणि पाय स्टुलावर ठेवायचे. रोज सकाळी मी चहाच्या आधी ती बोटं बघायचे. आधी जांभळी होती, मग काळी झाली, मग सुकली. अंगठ्याच्या मुळाशी थोडी लाली होती, त्या लालीवर माझा जीव टांगलेला. आज वर सरकली असं वाटायचं, उद्या खाली. रेषेचं काही बोलायचं नाही असं आम्ही दोघांनी न बोलताच ठरवलं होतं.

सासूबाईंना बोलायचं होतं. "तेल लावू दे नं जरासं. पहा कसे सुकले."

"डॉक्टर नको म्हणाल्यात, आई."

"त्या डॉक्टरणीला काय समजते? ती होती काय तिथं? मी जिवंत केला हा पाय! काहून, माझ्या हाताला काय विष लागलं आता?"

"आई, पुरे हां!" मी एकदा एवढ्या जोरात बोलले की शेजारच्या बाईचं दार वाजलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी तरी काय करणार होते? खरं सांगता येत नाही आणि खोटं सांगायला जीभ वळत नाही.

आमच्यातल्या बायका डबे घेऊन भेटायला यायच्या. सासूबाई सोफ्यावर बसून सगळी हकिगत सांगायच्या. वादळ, म्हातारा, गोठलेलं तेल. आणि मग आपले दोन्ही तळहात पुढे करायच्या. "या हातांनी आणला माघारी. मी नसती तर गुडघ्यापासून गेला असता." बायका म्हणायच्या, हातगुण आहे हो तुमच्या हाताला. नवरा खुर्चीतून मान हलवायचा. "हो, आई होती म्हणून." मी चहा टाकायच्या निमित्तानं आत जायचे आणि ओट्याला धरून उभी राहायचे. काय माणूस होता तो! पाय जळत होता त्याचा, आणि आईच्या शब्दाला शब्द जोडत होता.

चिनी नव्या वर्षाला शेजारीण संत्री घेऊन आली. पायाकडे न बघता तिनं ती दोन्ही हातांनी दिली आणि गेली. त्याच दिवसांत कधीतरी सासूबाईंनी तेलाचा हट्ट सोडला. एकदम सोडला. पाहुण्या आल्या की हकिगतही सांगेनात, भाजी निवडायचं निमित्त करून आत जाऊन बसत. रविवारी नातीच्या डोक्याला तेल लावून द्यायच्या, तेही बंद झालं. मी विचारलं तर म्हणाल्या, हात दुखतात. वय झालं, असतील दुखत. माझ्या डोक्यावरचा ताप कमी झाला याचंच मला बरं वाटलं.

मार्चमध्ये लाली मावळली. अंगठा बाकीच्या बोटांसारखाच कोळसा झाला. एप्रिलमध्ये डॉक्टरनं रेष दाखवली. मीही बघितली, कोणालाही दिसली असती. उजव्या पायाची पाचही बोटं आणि चवड्याचा पुढचा भाग गेला. डाव्याची करंगळी गेली. ऑपरेशनच्या खोलीबाहेर सासूबाई हात पदरात गुंडाळून बसल्या होत्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर त्या म्हणाल्या, "मले नको धरू. तो बाहेर आला की त्याच्यापाशी राहा."

सिंगापूर स्लिपरांचा देश. तिथे पाय कुठे लपवणार? लिफ्टमध्ये लहान मुलं टक लावून बघायची, त्यांच्या आया त्यांना मागे ओढायच्या. स्लिपर तर पायात राहीचना, धरायला बोटंच नव्हती. तो बंद बुटात बोळा कोंबून चालायला शिकला. आधी भिंतीला धरून, मग काठी घेऊन, मग लंगडत. स्टेशनच्या जिन्यावर लोक मागून पुढे निघून जात आणि तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरे. निळी बॅग आमच्याच बॉम्ब शेल्टरमध्ये होती. पुढच्या सुट्टीसाठी कोणीतरी आत्तापासून फोन केला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या बिचाऱ्याचा काय दोष? मी कोट तेवढे दिले. बूट एकेक करून कचरा थेट तळमजल्यावर नेणाऱ्या चुटमध्ये टाकले आणि खाली आपटल्याचा आवाज येईपर्यंत झाकण धरून उभी राहिले.

जूनमध्ये जखम पूर्ण भरली. पण नव्या कातडीला मोजा लागला तरी नवरा दात आवळायचा. फिजिओथेरपीवाल्यानं सांगितलं, आता तेल लावून रोज चोळा. जितकं चोळाल तितकी ती कातडी निबर होईल, दुखणं कमी होईल.

त्या दिवशी तो घरी आला तो अगदी लहान मुलासारखा. काठी दाराशी टाकली. सासूबाई खाली पाट घेऊन मेथी निवडत होत्या. "आई!" तो म्हणाला. "सोड ती मेथी. दवाखान्यातूनच सांगितलंय, चोळायचं. रोज. तेल घेऊन. आता तुला कोणी नाही म्हणणार नाही." तो त्यांच्यासमोर फरशीवर बसला, मोजा काढला, आणि तो बोथट, लालसर पाय त्यांच्या मांडीजवळ ठेवला. मी स्वयंपाकघरातून वाटीत तेल घेऊन आले. मला वाटलं, चला, म्हातारीला तिचं काम परत मिळालं.

सासूबाईंनी मेथीचे हात पुसले. पायाकडे बघितलं. आणि हात पदराखाली घेतले.

"मी नाही रे," त्या म्हणाल्या. "एकदा चोळलं तेवढं पुरे झालं."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "कोणी सांगितलं तुला?"

"कोण सांगते मले या घरात? पोट्टीलेच विचारलं. शेजारीण संत्री देऊन गेली त्या दिवशी. म्हटलं, ती डॉक्टरीण तुह्या बापाशी इंग्रजीत काय बोलली ते सांग. तिनं सांगितलं. म्हणे, डॉक्टरनं विचारलं, बाबा नो म्हणाले, बट आजी, यू डिड." त्यांनी ते इंग्रजी शब्द अगदी लेकीच्या सुरात म्हटले. "पोट्टी खोटं बोलत नाही. तुम्ही बोलता."

"आई, तू नसतीस तर..."

"नको सांगू. गुडघ्यापासून गेला असता, हे मीच सांगत होते साऱ्यांना." त्यांनी पदर हातांवर आणखी ओढून घेतला. "सातव्या महिन्यात या हातांनी जगवला, अन् याच हातांनी..."

त्यानं त्यांचे हात पदराखालून ओढून काढायचा प्रयत्न केला. एवढा मोठा माणूस, ओढत होता आणि रडत होता. त्या हात देईनात. शेवटी मीच खाली बसले आणि तेल तळहातावर घेतलं. मला जमत नव्हतं, तो कळवळायला लागला. सासूबाई समोरून बघत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तसं नाही. अंगठ्यानं नको, तळव्यानं. टाचेकडून वर ने. हां. आता हलकं." त्या तोंडानं सांगत गेल्या आणि मी तसं करत गेले, रोज, त्या वर्धेला परत जाईपर्यंत. हात त्यांनी एकदाही पदराबाहेर काढले नाहीत.